बी निगेटिव्ह रक्तगट, अँटी-डीचं इंजेक्शन आणि सरकारी दवाखान्यातलं माझं बाळंतपण

ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि ज्यांना दिवस गेलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. माझा गट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. सासर कोरेगाव तालुक्यात आणि माहेर तासगाव भागात, त्यामुळं निम्मं सगळं सातारा जिल्ह्यात झालं आणि निम्मं सांगलीकडं. मी काही नर्स-डॉक्टर नाही, घरी शिलाईकाम करते, पण वर्षभर या एका गोष्टीच्या मागं फिरून फिरून जे कळलं ते कुणीतरी मला आधी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री झोप लागली असती.

सुरुवात मागून करते. जानेवारी २०२३ मध्ये मला पहिल्यांदा दिवस गेले होते, अडीच महिन्यांच्या आसपास अंगावरून जायला लागलं, एका खाजगी दवाखान्यात नेलं (नाव घेत नाही), सोनोग्राफीत ठोके नाहीत म्हणाले आणि क्युरेटिंग केलं, म्हणजे पिशवी साफ केली. संध्याकाळी घरी. डिस्चार्ज कार्डावर वरच्या कोपऱ्यात माझा गट लिहिला होता, बी निगेटिव्ह, पण त्याचं पुढं काय करायचं हे ना डॉक्टर बोलले ना आम्ही विचारलं, विचारायचं असतं हेच कुठं माहीत होतं. घरात सगळे एवढंच म्हणत होते की आराम कर, होतंय असं पुष्कळ जणींचं.

२७ मे २०२४ ला स्ट्रिपवर दोन रेषा आल्या. यावेळी ठरवलं होतं की पहिल्यापासून सरकारीत नाव घालायचं, एकतर पैसे आणि दुसरं म्हणजे आमच्या आशाताई. त्या १० जूनला मला उपकेंद्रात घेऊन गेल्या. आधार कार्ड, बँक पासबुक, रेशनकार्ड आणि पाळीची शेवटची तारीख एवढं लागलं. माझी तारीख १७ एप्रिल, त्यावरून बाळंतपणाची तारीख निघाली २२ जानेवारी २०२५. माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं आणि त्यावर आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी कॉम्प्युटरवरचा माझ्या नोंदणीचा नंबर, टाकला. हा नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवाच, पुढं माहेरी गेल्यावर त्यानंच काम झालं. आणखी एक, तिथं मोबाईल नंबर नवऱ्याचा दिला जातो बऱ्याचदा, आमचाही दिला, मग ओटीपी यायचा तो नवऱ्याला आणि तो कंपनीत शिफ्टला, आत मोबाईल नेऊ देत नाहीत. स्वतःचा द्या.

रक्ताचा रिपोर्ट बघून सिस्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मागच्या वेळी पडलं तेव्हा इंजेक्शन घेतलं होतंस का गं?" मी म्हटलं कसलं इंजेक्शन. त्यांनी आशाताईंकडं बघितलं, आशाताईंनी माझ्याकडं, आणि मला घामच फुटला.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपलं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं, की बाळाचं थोडं रक्त कधीतरी आपल्या रक्तात मिसळतं, जास्त करून बाळंतपणाच्या वेळी, पण पोट पडताना, मध्येच अंगावरून गेलं तर किंवा पोटाला मार लागला तरी. आपल्या शरीराला ते परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही कारण तोवर ते जन्मलेलं असतं. पण त्या अँटिबॉडी आपल्यात राहतात, आणि पुढचं बाळ पॉझिटिव्ह असलं तर वारेतून त्याच्यापर्यंत जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. त्यातून बाळाला कावीळ होते, रक्त कमी होतं, अंगावर सूज येते, फारच झालं तर बाळ पोटातच जातं. अँटी-डीचं इंजेक्शन या अँटिबॉडी तयारच होऊ देत नाही. पण एकदा तयार झाल्या की मग इंजेक्शनचा उपयोग नाही. म्हणून आधी बघायचं असतं की झाल्यात का, त्याची टेस्ट म्हणजे आयसीटी, इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. नवराही निगेटिव्ह असेल तर यातलं काहीच लागत नाही, पण त्याचा गट तोंडी सांगून भागत नाही, रिपोर्ट दाखवा. आमच्या ह्यांनी लायसनवर लिहिलेला गट सांगितला होता, तो ए पॉझिटिव्ह होता, टेस्टमध्ये बी निघाला.

आयसीटी आमच्या आरोग्य केंद्रात होत नव्हती. त्याच दिवशी साताऱ्याला जाऊन खाजगी लॅबमध्ये रक्त दिलं, साडेपाचशे रुपये, सँपल बाहेर पाठवतात म्हणून रिपोर्ट गुरुवारी १३ तारखेला. ते तीन दिवस वाईट गेले. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याच म्हणते, त्या देवघरापुढं बसून होत्या आणि मला म्हणत होत्या, "काय न्हाय व्हत, तू इंटरनेटवर बघत बसू नको आधी." शेजारच्या एका बाईनं ऐकून घेतलं आणि वर म्हणाली निगेटिव्ह म्हणजे रक्तात दोष. तर असं काही नसतं हो, गट आहे तो, आपल्याकडं शंभरात साधारण पाच जणांचा असतो एवढंच.

रिपोर्ट आला, आयसीटी निगेटिव्ह. म्हणजे अँटिबॉडी झालेल्या नव्हत्या. इथं गंमत बघा, गट निगेटिव्ह म्हणून रडत होतो आणि टेस्ट निगेटिव्ह म्हणून पेढे. आत्यांना हे समजवायला मला पाऊण तास लागला.

९ जुलैला आरोग्य केंद्रात गेले. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते आणि त्या दिवशी डॉक्टर बघतात, रक्तलघवी, बीपी, वजन सगळं फुकट. गर्दी असते, सकाळी लवकर जा, सोबत खायला न्या. त्या डॉक्टर मॅडमना मी थेट विचारलं की मागच्या वेळी इंजेक्शन दिलं नाही ही चूकच ना? त्यांनी नीट उत्तर दिलं. म्हणाल्या, बारा आठवड्यांच्या आत पडलं तर द्यायचं का नाही यावर डॉक्टरांमध्ये मतं वेगळी आहेत, जागतिक आरोग्य संघटना म्हणते बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला गरज नाही, आपल्याकडं पुष्कळ डॉक्टर देतात. पण द्या नाहीतर नका देऊ, बाईला सांगायला तर पाहिजे होतं. मला हे पटलं. माझा राग इंजेक्शनचा नव्हताच.

आणि मग त्यांनी लाल पेन घेतला, माझ्या कार्डाच्या पहिल्या पानावर, जिथं फोटो असतो त्याच्या बाजूला, आरएच निगेटिव्ह असं मोठ्या अक्षरात लिहिलं, भोवती गोल केला, खाली लिहिलं अँटी-डी २८ आठवडे, आणि त्याच्याखाली बाळंतपणानंतर ७२ तास, म्हणजे तेवढ्या वेळाच्या आत दुसरं इंजेक्शन. म्हणाल्या, कार्ड कुणाच्याही हातात दिलं की आधी हे दिसलं पाहिजे. तुमच्या कार्डावर आतल्या पानात बारीक अक्षरात गट लिहिलेला असेल तर सिस्टरांना सांगून वरती मोठा करून घ्या, एवढं एक काम आजच करा.

मधले महिने पटकन सांगते. हिमोग्लोबिन ९.४ निघालं, अकराच्या खाली म्हणजे कमीच, लोहाच्या लाल गोळ्या सुरू. संडासला काळं होतं, घाबरू नका, आणि गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेऊ नका, मी लाल गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम सकाळ-दुपार जेवणानंतर. डिसेंबरपर्यंत १०.८ झालं. साखरेच्या टेस्टला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात, ते घोट घोट प्या नाहीतर उलटतं, दोन तासांनी रक्त घेतात, १४० च्या आत पाहिजे, माझं ११८. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ऑगस्टच्या शेवटी साताऱ्यात बाहेर केली, पंधराशे रुपये. तिथं आधार, डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि फॉर्म भरून सही द्यावी लागते की मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही. चिठ्ठी विसरून आलेल्या एका ताईंना परत पाठवलं माझ्यासमोर, नुसत्या बसून होत्या बिचाऱ्या स्टँडवर.

दसरा झाल्यावर डोहाळजेवण झालं आणि २० ऑक्टोबरला दादा मला माहेरी घेऊन गेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलंच. इथं कागदाचा भाग येतो. माहेरच्या उपकेंद्रात जाऊन आरसीएच नंबर दाखवला, त्यांनी कॉम्प्युटरवर माझी माहिती शोधली, नवीन नोंदणी करायची गरज पडली नाही. एखादी सिस्टर नवीन कार्ड काढते म्हणाली तर नको म्हणा, दोन नोंदी झाल्या की प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात असं आमच्या आशाताईंनी आधीच बजावलं होतं.

२८ आठवडे भरत होते ३० ऑक्टोबरला. इंजेक्शनच्या आधी परत आयसीटी करायची असते, ती २६ तारखेला सांगलीत केली, रिपोर्ट २९ ला, परत निगेटिव्ह. आणि २९ तारखेला धनत्रयोदशी! जवळच्या सरकारी दवाखान्यात अँटी-डी शिल्लक नव्हतं, मागणी पाठवलीय, आठवड्यात येईल म्हणाले. दादानं मेडिकलवाल्यांना फोन लावायला सुरुवात केली. हे इंजेक्शन प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, ऑर्डर दिली तर स्टॉकिस्टकडून मागवतात, आणि स्टॉकिस्ट दिवाळीच्या सुट्टीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, द्राक्षबागेत डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) गडबडीत, त्यात ऑक्टोबरभर पावसानं वैताग आणलेला, तरी मध्येच घरी येऊन विचारायचे, "मिळालं का गं?" मला पोटात गोळा. उपकेंद्रातल्या मॅडमनी फोनवर सांगितलं की २८ म्हणजे अगदी २८ व्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी असं नाही, पाचसहा दिवस इकडंतिकडं झाले तर घाबरायचं नाही, फक्त पडलीस किंवा अंगावरून गेलं तर लगेच ये. हे वाक्य तेव्हा कुणी बोललं नसतं तर मी फराळाला हात लावला नसता.

भाऊबीज रविवारी झाली आणि सोमवारी ४ नोव्हेंबरला सांगलीतल्या एका मेडिकलमधून फोन आला. ३०० मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन, बिल २,४५० रुपये. हे २ ते ८ डिग्रीतच ठेवावं लागतं. मेडिकलवाल्यानं छोट्या थर्माकोलच्या डब्यात दोन जेलपॅक घालून, इंजेक्शन कागदात गुंडाळून मध्ये ठेवून दिलं, बर्फाला सरळ टेकवायचं नाही म्हणून. दादानं तो डबा एसटीत मांडीवर धरून आणला, गर्दीत उभं राहिलेल्या एका आजोबांनी विचारलं आईस्क्रीम हाय व्हय? सरकारी दवाखान्यात सिस्टरांनी आधी बिल बघितलं, डबा उघडून हात लावून थंड आहे का बघितलं, एक्सपायरी बघितली आणि मग दिलं. बिल नसेल किंवा इंजेक्शन गरम झालेलं असेल तर देत नाहीत, बरोबरच आहे. खोक्यावरचा बॅच नंबरचा तुकडा कापून कार्डाला स्टेपल केला आणि तारीख घातली. हे पण करून घ्या, कारण नंतर कधी आयसीटी केली आणि या इंजेक्शनमुळं थोडी पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना कळायला पाहिजे की इंजेक्शन कधी दिलंय.

दुसरी तयारी रक्ताची. बाळंतपणात रक्त लागलं तर मला निगेटिव्हच पाहिजे, बी किंवा ओ. दादानं त्याच्या ग्रुपवर विचारून गावातला एक बी निगेटिव्ह मुलगा शोधून ठेवला, ई-रक्तकोषच्या साइटवर कुठल्या रक्तपेढीत किती पिशव्या आहेत ते दिसतं, जानेवारीत ते अधूनमधून बघत होतो. लागलं नाही, पण नंबर खिशात असला की बरं वाटतं.

संक्रांत झाली आणि १६ जानेवारीला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, अर्ध्या तासात गाडी आली, मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. नाव यासाठी घेत नाही की मला तिथं चांगला अनुभव आला म्हणून प्रत्येकीला तसाच येईल असं नाही, दिवस कसा, ड्युटीवर कोण यावर पुष्कळ असतं. भरती करताना, लेबर रूममध्ये नेताना, आणि ड्युटी बदलली तेव्हा, दरवेळी आई आणि मी एकच सांगत होतो, निगेटिव्ह आहे, नाळेचं रक्त घ्या. एक डॉक्टर हसून म्हणाली, "हो ताई, कार्डावर केवढं लिहिलंय!" लेबर रूममधलं सगळं लिहित नाही. टाके पडले, ओरडले मी, एक मावशी बोलल्या टोचून, दुसऱ्या मावशीनं हात धरला. १७ जानेवारी, शुक्रवार, पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी मुलगी झाली, २ किलो ८००.

नाळेतून रक्त काढून दोन बाटल्यांत घेतलं ते मी डोळ्यांनी बघितलं, सिस्टरनी पट्टीवर माझं नाव लिहिलं आणि खाली "बेबी ऑफ" असं. त्यातून बाळाचा गट बघतात आणि डायरेक्ट कूम्ब्स पण, म्हणजे बाळाच्या तांबड्या पेशींना आपल्या अँटिबॉडी चिकटल्यात का ते. शनिवारी दुपारी रिपोर्ट, बाळ बी पॉझिटिव्ह, डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह. बाळ निगेटिव्ह असतं तर दुसरं इंजेक्शन लागलं नसतं. ७२ तास म्हणजे सोमवारी पहाटेपर्यंत वेळ होता आणि मध्ये रविवार, म्हणून आई शनिवारी दर तासाला सिस्टरांच्या टेबलापाशी. संध्याकाळी इंजेक्शन दिलं, दवाखान्याच्याच स्टॉकमधून, फुकट. तिसऱ्या दिवशी बाळ जरा पिवळं दिसायला लागलं, माझा जीव परत टांगणीला, पण कावीळ तपासली तर लाइटखाली ठेवण्याएवढी नव्हती, पाजत राहा म्हणाले. सोमवारी २० ला सोडलं आणि १०२ च्या गाडीनं घरापर्यंत आणून सोडलं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ही गाडी सगळं मोफत असतं, रेशनकार्ड कुठलंही असो. जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मात्र दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि एससी-एसटींना, आमचं केशरी कार्ड, त्यामुळं आम्हाला नाहीत.

सुट्टीच्या आधी डॉक्टरांनी कॉपर-टीचं विचारलं होतं, ४८ तासांच्या आत लगेच बसवतात. तेव्हा टाके दुखत होते, मी नको म्हटलं, आणि सहा आठवड्यांनंतर आरोग्य केंद्रात बसवून घेतली. मला दोन मुलांत अंतर पाहिजे होतं, आणि चुकून दिवस जाऊन मेडिकलमधल्या गोळ्या गुपचूप खायच्या आणि परत तेच अँटी-डीचं टेन्शन, हे तर अजिबात नको होतं. पुढच्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला परत आयसीटी, २८ ला परत इंजेक्शन, हे सगळं नव्यानं असतं.

आईच्या मावशीची पहिली मुलगी धड आणि पुढची दोन्ही मुलं जन्मल्यावर पिवळी पडून गेली, तिला तेव्हा देवऋष्याकडं नेलं होतं, सवाष्णींनी ओटी भरायचं बंद केलं होतं. तिचा गट काय होता आता कुणाला माहीत. आई हे मला बाळ महिन्याचं झाल्यावर बोलली, आधी नाही.

राहिले कागद. जन्माचं प्रमाणपत्र जिथं बाळंतपण झालं तिथलंच मिळतं, सासरच्या ग्रामपंचायतीत विचारू नका. नोंद २१ दिवसांच्या आत होते ती दवाखाना करतो, बाळाचं नाव नंतर घातलं तरी चालतं. आईवडिलांची नावं आधारप्रमाणे आहेत का ते सुट्टीच्या आधीच तपासा, माझं माहेरचं नाव पडलं होतं, तिथल्या तिथं बदलून घेतलं. मातृवंदनाचे पहिल्या बाळाला ५,००० असतात, ३,००० आणि २,०००. पहिला हप्ता डिसेंबरमध्ये आला, तोही बँकेत आधार नुसतं लिंक असून भागलं नाही, सरकारचे पैसे थेट खात्यात यायला, म्हणजे डीबीटीला, आधारचं सीडिंग वेगळं करावं लागतं, ते पोस्टाच्या बँकेत खातं काढून केलं. दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांची लस झाल्यावर. लस एप्रिलच्या शेवटी झाली, फॉर्म मे महिन्यात गेला, आशाताई म्हणाल्या पोर्टलवर अप्रूव्ह दाखवतंय पण खात्यात अजून काही नाही. आला की इथंच तारीख टाकते.